भाग नववा

मुखवटेवाल्या खुन्याला पहिल्या भागात तिनेच विहिरीत ढकललं होतं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढच्या सात भागांत निर्मात्याने त्याला जाळलं, पुरलं, गाडीखाली चिरडलं आणि आठव्यात तर लाकूड कापायच्या गिरणीत घालून त्याचा भुसा केला. तरी दर तीन वर्षांनी मेला आपला हजर! कथेच्या नावाने बोंबच होती, पण थिएटरं भरत होती.

नवव्या भागासाठी निर्मात्याने तिला बोलावलं. पोत्यातला भुसा आपोआप गोळा होतो आणि खुनी उठून बसतो, हे त्याने तिला हातवारे करकरून सांगितलं. मुखवट्याआतला नट अजून तोच. बासष्ट वर्षांचा, गुडघ्यांना पट्टे बांधून कोपऱ्यात पेंगत बसलेला.

"मग या वेळी त्याला मारणार कोण, मीच ना?" तिने विचारलं.

"छे! तुम्ही त्याची आई."

"आई? अहो, हे माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आहेत! यांना खुर्चीतून उठवायला माणूस लागतो. मी अजून धावते."

निर्मात्याने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.



"मॅडम, चाळिशी उलटलेली बाई खुन्याच्या हातून निसटते, असं दाखवायचं? पब्लिकला पटायला तर हवं!"