तंबूतला काउबॉय

वकील बराच वेळ इंग्रजीत बोलला. अबूबकरांनी ते दोन वाक्यांत मराठीत आणलं.

"सुटला आपला राहिल. कागदपत्रांना महिना-दीड महिना लागेल, मग सरळ घरी."

मैमुनानं ओढणीचं टोक तोंडावर दाबलं आणि दोह्यातल्या वेस्ट बेच्या त्या चकचकीत ऑफिसात ती हुंदके देऊन रडली. वकील उठला. पाण्याचा ग्लास त्यानं तिच्यापुढे सरकवला, अबूबकरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात आणखी काही म्हणाला.

"आता काय बोलतो?"

"आईला म्हणावं, धीर सोडू नको."

"अल्ला त्याच्या पोराबालांना सुखी ठेवो. सांगा त्याला."

अबूबकरांनी सांगितलं. वकिलानं मान खाली घातली. भला माणूस होता.

राहिल दोह्याबाहेर अल रुवैसला एका कंत्राटदाराच्या गोदामात स्टोअरकीपर होता. सुपरवायझर म्हणाला म्हणून त्यानं गेटपासवर सही केली आणि तांब्याच्या केबलचं आख्खं ड्रम बाहेर गेलं. सुपरवायझर सुट्टीवर गेला तो परत आलाच नाही. सही तेवढी मागे राहिली. मुलगा तुरुंगात गेल्यावर नवरा-बायको व्हिजिट व्हिसावर दोह्याला आले आणि दोन महिने त्याच्याच खोलीत, अल मन्सूरात राहिले. व्हिसा संपत आला होता. उद्या दुपारचं विमान होतं.

मेट्रोत मैमुनाचं तोंड बंद नव्हतं. दोन महिन्यांचं मौन तिनं एका प्रवासात फेडलं.

"जायच्या आधी एकदा भेटता येईल ना त्याला?"

"सुटकेची कागदं चालू आहेत. मध्येच भेटू देत नाहीत."

"मग नको. काम अडायला नको." जरा वेळानं तिला पुन्हा उमाळा आला. "गावी उतरल्या उतरल्या रिफतच्या घरी जाते. पोरगी अजून थांबली हाय त्याच्यासाठी. तारीखच काढून टाकू."

"घाई कशाला?"

"घाई? दोन वर्षं झाली साखरपुड्याला! तुमचा आपला काय तरीच."

अबूबकर खिडकीबाहेर पाहत राहिले. भुयारात पाहण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी जेसन आला तो बिर्याणी घेऊनच. वसईचा हा पोरगा राहिलबरोबर फ्लॅटमध्ये राहायचा आणि राहिलच्या आईवडिलांना त्यानं आपल्याच आईवडिलांसारखं सांभाळलं होतं. सुटल्याची बातमी मैमुनानं त्याला दारातच दिली. त्यानं अबूबकरांना मिठीच मारली.

"अंकल, मग आज पार्टी! आणि तुमच्यासाठी एक गंमत आहे. तुमचा सिनेमा सापडला. इंटरनेटवर पडला होता."

अबूबकर तरुणपणी टुरिंग टॉकीजच्या तंबूत ऑपरेटर होते. इंग्रजी सिनेमा लागला की मशीन चालवता चालवता माइकवरून मराठीत कथा सांगायची, अशी तिथली पद्धत होती. इंग्रजी त्यांना पुढे कुवेतच्या दहा वर्षांत आलं. तंबूत असताना ओ की ठो कळत नव्हतं. पण लोकांना तरी कुठे कळत होतं? अबूबकर सांगतील तोच सिनेमा.

त्यातला सगळ्यात लाडका होता एक काउबॉयचा. अमेरिकेतला वाटावा असा, पण युरोपात काढलेला; तिकडे असले सिनेमे निघायला लागले तेव्हाच्या अगदी पहिल्या काहींपैकी. काउबॉयवर घोडे चोरल्याचा खोटा आळ येतो. आख्खं गाव उलटतं. शेवटी एक मुलगी खऱ्या चोराचा कबुलीजबाब घेऊन घोडा पिटाळत निघते. "सुटला!" अबूबकर माइकवर ओरडत आणि तंबूत दिवे लागत. मैमुनानं लग्नाआधी तो चार वेळा पाहिला होता. गेले दोन महिने हीच गोष्ट ती नवऱ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकून घ्यायची आणि मग तिला झोप लागायची.

जेसननं टीव्ही लावला. अबूबकर आधी नको नको म्हणत होते. "प्रवास आहे उद्या, बॅगा भरायच्यात."

"भरल्या सगल्या," मैमुना म्हणाली. "बसा आणि सांगा. पयल्यासारखा."

ते बसले. आवाज थकला होता, पण सांगण्याची ढब तीच होती. मैमुना लहान मुलीसारखी गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. इतकी सुखात ती वर्षभरात दिसली नव्हती.

मुलगी धुरळा उडवत निघाली.

"सुटला!" अबूबकर म्हणाले आणि त्यांनी रिमोट उचलला. "खलास. चला, झोपू या."

"अंकल, अजून बारा मिनिटं आहेत," जेसन हसत म्हणाला.

पडद्यावर मुलगी गावात पोचली. चौकातली माणसं घरी परतत होती. कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं. फळ्यांच्या उंच चौथऱ्यावर दोरीला काउबॉय लोंबकळत होता. मुलगी घोड्यावरून उतरली आणि कागद हातात धरून तशीच उभी राहिली.

जेसनचं हसू मावळलं. "सॉरी आंटी. मला माहीत नव्हतं हो."

मैमुना पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "बोला ना. थांबलात का?"

अबूबकर रिमोटवरचं बंद करायचं बटण चाचपत राहिले.

"ह्यो शेवट कधी दाखवलाच नाय तुमी."

"पहिल्या दिवशी दाखवला होता," ते कसेबसे म्हणाले. "बायका रडत घरी गेल्या. कुणी जेवलं नाही. मग ते रीळ मी डब्यातच ठेवायला लागलो. एवढ्या लांबून चालत यायची माणसं... बघवायचं नाही."

मैमुनानं त्यांच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि टीव्ही बंद केला. मग ती नवऱ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"राहिलला किती वर्षांची शिक्षा झाली?"