मी बघतो

साल दोन हजार चौदा. ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधल्या मोठ्या पडद्यावर शहरातल्या सगळ्या गाड्या एकाएकी थिजल्या. रस्त्यावर त्या धावतच होत्या. थिजले होते ते पडद्यावरचे ठिपके. फोनवर बसलेल्या मुलींनी मुकाट्याने जुन्या वह्या पुढे ओढल्या आणि वायरलेसवरून एकेका गाडीला कुठे आहात, कुठे आहात, असं विचारायला लागल्या. थोरलीने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

थोरली हे नाव तिला बड्या कंपनीत पडलं होतं. नकाशांच्या खात्यात ती वयाने सगळ्यांत मोठी होती. आता तिची स्वतःची कंपनी होती. कंपनी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, ती, तिचा मामेभाऊ आणि एक मैत्रीण. पडद्यावरचे ठिपके ही त्यांची दोन वर्षांची मेहनत, आणि आज तिची परीक्षा. इथल्या साहेबांनी तीन टेंडरांतली दोन परत पाठवून हिचं ठेवून घेतलं होतं, पण कुरकुरतच. 'माणसं फक्त तीन. बंद पडलं तर येणार कोण?' असा शेराही मारला होता. आता मामेभाऊ तिच्या शेजारी बसला होता, आणि साहेब खुर्चीमागेच उभे होते.

"दुपारची पाळी येईपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "मग तुम्हाला रस्ता मोकळा."

खोलीवर बसलेल्या मैत्रिणीला कळवायला तिने फोन काढला. 'आग' नावाचा ग्रुप उघडला, काय झालं ते लिहिलं, पडद्याचा फोटो टाकला. 'आग' नावाचे ग्रुप तिच्या फोनमध्ये दोन होते, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

एक नवा, तिच्या कंपनीचा. दुसरा जुना, बड्या कंपनीतल्या तिघांचा: ती, घोरपड आणि जावई. घोरपड एकदा चुकीला चिकटला की सुटायचा नाही. जावई सगळ्यांत शेवटी यायचा आणि आल्या आल्या चहा मागायचा. ग्रुपचा नियम थोरलीनेच घालून दिला होता. आग लागली, म्हणजे काही बंद पडलं, की जो आधी बघेल त्याने 'मी बघतो' म्हणायचं. विझेपर्यंत काडी कुणी लावली हे विचारायचं नाही.

मग तिघांनी एकाच वर्षी नोकरी सोडली. तिघांची मिळून एक कंपनी निघणार, असं तिने मनाशी धरलं होतं. निघाल्या तीन. तीन दुकानं आणि माल एकच. तिने ग्रुपवर एक ओळ लिहिली आणि बोलणं टाकलं. ग्रुप काढून टाकायचा तर तो उघडावा लागला असता, म्हणून तो तसाच राहिला.

फोन वाजला. वर तिचीच जुनी ओळ होती: 'घरभेदे कुठले.' त्याखाली तिचा आत्ताचा निरोप. आणि त्याखाली घोरपडीचे दोन शब्द: 'मी बघतो.'

लाजायलाही सवड नव्हती. घोरपडीचा फोन आलाच. गाड्यांमधल्या यंत्रांची घड्याळं बघ, म्हणाला. माझीही गेल्या महिन्यात मागे पडली होती, आणि निरोप घेणारं मशीन ताजे निरोपही शिळे समजून अडवून ठेवत होतं. धंद्यातली ही गोष्ट त्याने सख्ख्या भावालाही सांगितली नसती. तिने पाहिलं. तसंच होतं. घड्याळं सुधारली, तशी तुंबलेले सगळे निरोप एकदम अंगावर आले आणि तिचं मशीन धापा टाकायला लागलं.

तेव्हा फोनवर जावईही उगवला. आधी चहाची चौकशी केली. मग म्हणाला, "थोरले, माझं मशीन रिकामंच बसलंय. निम्म्या गाड्यांचे निरोप इकडे वळव."

तिने वळवले. फोनवर दोघे एकमेकांची अक्कल काढत होते आणि ती दोघांची. अगदी जुन्यासारखं. पडद्यावर एक ठिपका हलला. मग दुसरा. मग सगळं शहर चालायला लागलं. मुलींनी वह्या मिटल्या.

साहेब खाली वाकले. "तुम्ही तर तीन माणसं म्हणाला होतात. हे फोनवरचे दोघे कोण?"

सल्लागार म्हण, असं मामेभाऊ कानाशी कुजबुजला. खरं सांगावं तर आपलं आपल्याला झेपत नाही असा अर्थ निघणार, आणि काम जाणार. तिने फोनकडे पाहिलं.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही परत पाठवलेली दोन टेंडरं आहेत ती."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "त्या शेऱ्यातलं 'फक्त' खोडायला हवं."

त्यालाही वर्षं झाली. जावयाची कंपनी पुढे त्याच बड्या कंपनीने विकत घेतली. तो परत तिथेच गेला, या वेळी काचेच्या केबिनमध्ये. घोरपडीची लहानच राहिली, पण बंदरातली जहाजं आज तिच्या भरवशावर धक्क्याला लागतात. साहेब निवृत्त झाले. भेटेल त्याला हीच गोष्ट सांगतात, आणि दर वेळी तीत स्वतःचं काम थोडं वाढवतात. शिंप्याच्या दुकानावरची खोली थोरलीला कधीच पुरेनाशी झाली.

गेल्या वर्षी तिच्याकडच्या दोन हुशार मुली नोकरी सोडून गेल्या आणि तिच्याच धंद्यात उतरल्या. मामेभाऊ तणतणला. थोरलीनेही एक दिवस अन्नाला नीट हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोघींना जुन्या 'आग' ग्रुपवर घेतलं.

लगेच एकीचा निरोप आला, "ताई, चुकून घेतलंत का?"

"नाही," तिने लिहिलं. "चुकून झालं ते मागच्या वेळी."