सुग्रीवची कॅसेट

धुळाजी आणि राधाकिशन चौसाळ्यात एसटीतून उतरले, तेव्हा केसरबाई टँकरवरून घागर भरून घरी परतत होती. दोघं तिच्या नवऱ्याचे, सुग्रीवचे, सहकारी साखर कारखान्यातले जोडीदार. सुग्रीवला जाऊन चार वर्षं झाली होती. यंदा ऊसच नव्हता. कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही, म्हणून यांना वेळ होता.

पाणी पिऊन झाल्यावर धुळाजी घुटमळत म्हणाला, "वहिनी, सुग्रीवची ती इंग्रजी गाण्यांची कॅसेट हाय का वो?"

केसरबाईच्या कपाळाला आठी पडली. त्या गिटार-ड्रमच्या धांगडधिंग्यानं तिच्या संसाराची पहिली वर्षं खाल्ली होती. कारखान्याच्या कॉलनीतल्या खोलीत हे तिघं दार लावून बसायचे आणि ती बाहेर चुलीपाशी एकटी. तरी कॅसेट तिनं टाकली नव्हती. साड्यांच्या पेटीत अगदी तळाला ठेवली होती.

"बाजारात मिळत न्हाई का?"

"मिळाली ना. ह्याच्या पोरानं पुण्याहून सीडी धाडली. लई साफ आवाज. पर..."

धुळाजीनं राधाकिशनकडं बघितलं. राधाकिशन खाली बघत म्हणाला, "तिसऱ्या गाण्यात आमी दोघंबी अडकलो. जे पायजे ते न्हाईच त्यात."

"मग इथंच ऐका," ती म्हणाली. "मलाबी कळू द्या, काय हाय त्यात."

तिनं पेटीच्या तळातून कॅसेट काढून दिली. धुळाजीनं पिशवीतून टेप काढला. गाणी सुरू झाली. पन्नाशी उलटलेले दोघं बाप्ये डोळे मिटून मांडीवर ठेका धरू लागले. केसरबाई सूप घेऊन ज्वारी निवडत बसली.

तिसरं गाणं संथ होतं. नुसती गिटार. आणि त्या गिटारीमागून एक कोवळी, चिडकी हाक आली, "आवो, ऐकलं का? भाकरी गार व्हायलीय!"

दोघांचे ओठ त्याच शब्दांवर हलले. पाठ होते त्यांना.

केसरबाईचा हात सुपात थांबला. "ही मी हाय?"

"कारखान्यातल्या केमिस्ट सायबाची रेकॉर्ड एका दिवसापुरती मिळालती, वहिनी," राधाकिशन म्हणाला. "समोर टेप ठिवून भरून घेत होतो. तुमी दाराआडून हाक मारली, ती आत गेली. आमी म्हनलो, पुन्हा भरू. सुग्रीव म्हनला, ऱ्हाऊ द्या."

टेपात गिटार चालूच होती. हाकेला उत्तर आलं नाही.

"ओसुद्धा दिली न्हाई," केसरबाई म्हणाली. त्या दिवशी ती न जेवता झोपली होती. "इतकी वर्सं मला वाटायचं, यांना ऐकूच गेलं न्हाई."

"बोलला असता तर टेपात आलं असतं," धुळाजी म्हणाला. "मान हलवली त्यानं. दाराकडं बघून हसलाबी."

"कसं?"

धुळाजी गोंधळला. मग त्यानं दाराकडं तोंड वळवलं, मान हलवली आणि सुग्रीवसारखं हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. राधाकिशननं करून बघितलं. त्यालाही नाही.

"पुन्हा करा," केसरबाई म्हणाली.