राखाडी

हॉलमधले पंखे सकाळपासून बंद होते. रांगोळीच्या प्रदर्शनात पंखा लावायचा म्हणजे काढलेले चेहरे आपल्याच हाताने उडवून द्यायचे. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावरच्या त्या उकाड्यात सगळे कलाकार घाम पुशीत, श्वास आवरून, आपापल्या चौकोनावर ओणवे झाले होते. लक्ष्मीकांतचा चौकोन दाराजवळ होता. त्याने आईच्या डाव्या डोळ्यात पांढऱ्या रांगोळीचा शेवटचा कण सोडला आणि तो मागे सरकला.

"झालं?" मंदाने थर्मासचं झाकण फिरवत विचारलं.

"बघ."

नवऱ्याच्या समाधानासाठी चार गोड शब्द बोलावेत असं मंदाला फार वाटलं, पण तोंडातून निघेनात. "आईच आहेत," ती म्हणाली. "नाक, हनुवटी, कपाळावरचं गोंदण. सगळं जागच्या जागी आहे."

लक्ष्मीकांतला हेच ऐकायचं नव्हतं. गेल्या वर्षी वडिलांचा चेहरा काढला तेव्हाही ती हेच म्हणाली होती. कपाटात घड्या घालून ठेवलेले कपडे जागच्या जागी असतात, तसं.

बडोद्याबाहेर नंदेसरीच्या कारखान्यात पाळी कोणतीही असो, वासणा भागातल्या घरी पुढच्या खोलीतल्या फरशीवर रोज एक चेहरा काढायचा, हा लक्ष्मीकांतचा नेम होता. त्याला सुट्टी नाही, सणवार नाही. अंगात ताप असला तर निदान एक डोळा तरी. चहाच्या गाळणीतून रंग चाळायचा, चिमटीतून सोडायचा, डोकं वर करून बघायचं, आणि चेहरा मेलेलाच आहे हे कळलं की केरसुणीने गोळा करायचा. त्यात लाल, पिवळा, काळा, सगळे मिसळून एक मळकट राखाडी होई. तो त्याला फेकवत नसे. तेलाच्या रिकाम्या डब्यांत तो भरून ठेवी. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. लक्ष्मीकांतचे चिमटीचिमटीने डबे साचले. लोकांकडे तांदळाचे डबे असतात, आमच्याकडे चेहऱ्यांचे, असं मंदा पाहुण्यांना सांगे आणि हसे. अलीकडे हसत नसे. यंदा काळा रंग कमी पडला म्हणून आईच्या मागची भिंत त्याने त्या राखाडीनेच भरली होती.

प्रदर्शन उघडण्याआधी भास्करराव एक फेरी मारीत. बडोद्यात ज्यांनी ज्यांनी रांगोळीचे चेहरे काढले, ते सगळे कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेले. म्हातारा कौतुक करीत नसे. एखाद्या चौकोनापाशी थांबे, इतकंच. तेवढ्यावर माणसं वर्षभर ताठ मानेने हिंडत. लक्ष्मीकांतपाशी ते कधीच थांबले नव्हते. "चालू ठेव," म्हणून पुढे जात. आणि यंदा हातात काठी आली होती. पुढच्या वर्षीपासून मला बोलवू नका, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. म्हणजे थांबले तर आज.

काठीचा आवाज जवळ आला आणि शेजारच्या चौकोनापाशी बंद झाला.

तिथे निरुपमा होती. वाघोडियाच्या कॉलेजात जाणारी पोरगी, रांगोळी हातात धरून तिला ही दुसरी दिवाळी. सकाळपासून अर्धा वेळ ती मोबाइलवर होती. तिने एक भाजीवाली काढली होती. तिचा एक कान भलताच मोठा झाला होता, आणि ती आत्ता तोंड उघडून वांग्याचा भाव सांगेल असं वाटत होतं. लक्ष्मीकांतने तिकडे बघायचं टाळलं होतं.

"कान बिघडलाय," भास्करराव म्हणाले.

"हो ने काका. सुधारू?"

"हात लावू नकोस. बोलतेय ती." मग त्यांनी विचारलं, "रोज किती वेळ बसतेस?"

"रोज नाही बसत काका. मूड आला की बसते, एमनेम, सहज."

लक्ष्मीकांत आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. फरशीवर बसून बसून त्यांना घट्टे पडले होते.

काठी पुन्हा वाजली. त्याच्या चौकोनापाशी आली, पुढे गेली, आणि मागे वळून थांबली.

मंदाच्या हातातला चहा कपातच राहिला. भास्करराव काठीवर भार टाकून, कण्हत, सावकाश खाली वाकले. बराच वेळ बघत राहिले. लक्ष्मीकांतच्या छातीत इतकं धडधडत होतं की त्या धडधडीने रांगोळी हलेल असं त्याला वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की ते आईकडे बघतच नव्हते. तिच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. त्यांनी कडेची चिमूटभर रांगोळी उचलली आणि बोटांत चोळली.

"हा राखाडी कुठला रे? मांडवीच्या बाजारात असा मिळत नाही."

"घरचाच आहे काका. रोज काढतो ते झाडून ठेवलेलं."

भास्कररावांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर एकदा आईच्या चेहऱ्यावरून फिरली आणि लगेच परत आली. त्यांना वाईट वाटलं असावं. आवाज एकदम मऊ झाला.

"फार खोल आहे," ते म्हणाले. "मुद्दाम बनवायला गेलं तर होणार नाही." काठी टेकवत ते उठले, आणि जरा संकोचून त्यांनी शेजारी बोट दाखवलं. "थोडा देशील का? या पोरीला पुढच्या वर्षी सावल्यांना लागेल."

मंदाने मान फिरवली. लक्ष्मीकांतने बोटांना लागलेला पांढरा रंग पँटला पुसला.

"देतो की काका," तो म्हणाला. "घरी पुष्कळ आहे."