मायचं वाक्य

ब्याण्णव साली वैजीनाथनं खताच्या दुकानांसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिला. फ्लॉपी पोस्टानं, पोस्टमनला पैसे देऊन सोडवायची व्ही.पी. करून स्वतःच विकायची, असं त्यानं ठरवलं होतं.

"व्ही.पी. लोक सोडवून घेत न्हाईत," परभणीत कॉम्प्युटरचं दुकान असलेला त्याचा मित्र आप्पाराव म्हणाला. "माझ्याकडं ठिव. मी इकतो."

वर्षभरानं आप्पारावनं फ्लॉपी परत दिली. "एकबी गेली न्हाई, वैजा. पडद्यावर तुझी खेड्यातली बोली बघून लोक हसायलेत."

वैजीनाथ शरमला. महिनाभर बसून त्यानं एकेक वाक्य पुस्तकी केलं. प्रोग्रॅम बंद करताना येणारं मायचं, तो घरून निघताना ती म्हणायची ते वाक्यसुद्धा पुसलं आणि तिथं 'आपले आभारी आहोत' लिहिलं. मग नवी फ्लॉपी घेऊन तो स्वतःच गंगाखेडच्या एका दुकानात गेला.

दुकानदारानं पडद्यावरच्या दोन ओळी वाचल्या आणि मान हलवली.

"ही पुस्तकी भाषा नको, भाऊ. आमच्याकडं आप्पारावचा प्रोग्रॅम हाय. सगळ्या बाजारात तोच चालायलाय. आपल्यावानी बोलतो, बघा."

त्यानं तो चालू केला आणि लगेच बंद केला. पडद्यावर अक्षरं उमटली:

"निघायलास व्हय? भाकर खाऊन जा."