वेलिका बाईंचे कागद

"वर घे जरा, मिंचो! बाईंची हनुवटी बाकामागे गेलीय," पेना मावशी बेकरीच्या दारातून ओरडली.

मिंचोने कागद वीतभर वर सरकवला, ओल्या कुंच्याने चारी कोपरे दाबले आणि मागे येऊन पाहिलं. निळ्या कोटातल्या वेलिका बाई बसथांब्यावरून चौकाकडे बघून हसत होत्या. पहिला कागद त्याने सकाळी बाईंच्याच फाटकावर लावला होता, दुसरा ग्रामकचेरीच्या दारावर. आता विजेचे खांब आणि शाळेची भिंत तेवढी उरली होती.

शनिवार होता. उद्या गावाला सरपंच निवडायचा होता. बोन्चेव आला तर डोंगरावरचा झरा बाटल्या भरणाऱ्या कंपनीच्या घशात जाणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. बोन्चेव त्याला प्रगती म्हणे. सरपंच म्हणून वेलिका बाईंनी इतकी वर्षं तो झरा राखला होता, आणि तो हातचा जाऊ नये म्हणून मिंचो गेला महिनाभर नीट झोपला नव्हता.

खरं तर हाच मिंचो पूर्वी दिवस दिवस खानावळीत राकिया ढोसत बसायचा. साऱ्या जगाला शिव्या घालायचा, पण ग्रामसभेत तोंडाला कुलूप. एकदा तो शेवटच्या बाकावर बसून कुरकुरला, तेव्हा बाई बोलता बोलता थांबल्या.

"मिंचो, उभा राहा. बाटलीला सांगतोस ते आम्हाला सांग."

तो उठला. कान लाल झाले होते. कसंबसं एवढंच बोलला, की दुपारची बस बंद झाल्यापासून आईला इस्पितळात नेता येत नाही. लोक हसले. बाई हसल्या नाहीत.

"सोमवारी माझ्याबरोबर जिल्ह्याला चल. हेच तिथे बोल."

तिथे तो अडखळत का होईना, पण बोलला. बस सुरू झाली आणि बाटली बंद झाली. मग पुलाचा कठडा झाला, शाळेचे वर्ग गरम ठेवणारी भट्टी झाली. बाई विरोधकाचंही म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मगच तोंड उघडत, ते मिंचो टक लावून पाहायचा. घरीही तसं करायला लागला.

"बाईंचं ऐकतोस त्याच्या निम्मं माझं ऐकलं असतंस, तर एव्हाना घराचं छप्पर गळायचं थांबलं असतं," बायको नेवेना टोमणा मारायची. पण नवरा माणसात आला म्हणून मनातून तीच बाईंना जास्त दुवा द्यायची.

आजही तिने पहाटेच उठून गहू उकडले होते, वर साखर आणि अक्रोड घातले होते. मिंचो कागद लावता लावता पेल्यापेल्यातून ते वाटत होता. लोक दोन शब्द पुटपुटत पेला घेत होते.

"साखर नेवेनाने सढळ हाताने घातलीय हो," म्हातारा स्पास चमचा चाटत म्हणाला. "उद्या येतो रे मिंचो. गुडघे गेले खड्ड्यात. बाईंसाठी येणार."

"नक्की ना, आजोबा?"

"मग काय! त्यांच्या खुर्चीत तो बोन्चेव? त्याला स्वतःच्या कोंबड्या आवरत नाहीत."

सगळे हसले. मिंचोही हसला, पण त्याला खात्री वाटेना. लोक तोंडावर गोड बोलतात, पडद्याआड शिक्का कुठे बसतो कोण जाणे. झरा गेला तर बाईंना काय तोंड दाखवायचं? फोटोतल्या त्या हसऱ्या डोळ्यांकडे त्याला जास्त वेळ बघवेना.

"ओ काका! कुंचा खाली ठेवा!"

चौकापलीकडून एक तरुण पोलीस तरातरा येत होता. निवडणुकीपुरता जिल्ह्याहून आलेला, गावात कुणाच्या ओळखीचा नाही.

"उद्या मतदान आहे. आज प्रचाराला बंदी आहे. माहीत नाही?"

"माहीत आहे, साहेब."

"माहीत असून सरपंचबाईंचे फोटो चिकटवताय? वर लोकांना खायला घालताय? हे मत विकत घेणं झालं. दोन दोन गुन्हे!"

"अरे बाबा, आधी बघ तरी..." पेना मावशी कमरेवर हात ठेवून पुढे आली.

मिंचोने तिला हातानेच थांबवलं. पूर्वीचा मिंचो असता तर खळीची बादली पोलिसाच्या डोक्यावर गेली असती. आत्ताचा मिंचो त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकत राहिला. कायदा, कलम, दंड, सगळं.

"झालं बोलून, साहेब? मग आता हे वाचा."

त्याने गठ्ठ्यातला एक कागद उलगडून पोलिसाच्या हातात दिला.

फोटोभोवती जाड काळी चौकट होती आणि वर छोटा क्रूस. खाली लिहिलं होतं: वेलिका त्सोनेवा आपल्यातून गेल्या, त्याला आज चाळीस दिवस झाले.

पोलिसाने टोपी काढली. चाळिसाव्याला मृताच्या नावाने वाटतात तो गव्हाचा पेला घेतला.

"देव त्यांना क्षमा करो," तो हळूच म्हणाला. मग एक चमचा खाऊन त्याने चौकातल्या माणसांकडे पाहिलं. "पण हे सगळे तर उद्या बाईंसाठी मत द्यायला येतो म्हणतात. त्यांच्या जागी उभं कोण आहे?"

मिंचोने खाली बघत कुंचा बादलीत बुडवला.

"ते मला आज सांगता येत नाही, साहेब. बंदी आहे."

"बिचारा कसा सांगेल?" पेना मावशी म्हणाली. "स्वतःचंच नाव घ्यावं लागेल ना त्याला!"