तोच नंबर

"ठसा जुळत नाही." स्क्रीनवर लाल ओळ आली आणि निफाडच्या हॉस्पिटलात ऑफिसातून चाललेलं इन्स्टॉलेशन मध्येच थांबलं.

मंजुषाला आधी वाटलं, आपलंच काही चुकलं. बाळंतपणाची रजा संपून दीडच महिना झाला होता. झोप अजून पुरी होत नव्हती. तिनं पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तीच ओळ.

ही कंपनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या बनवायची, आणि त्यांचं सॉफ्टवेअर आजवर हॉस्पिटलांत पेन ड्राइव्हवरून जायचं. ज्याच्या हाती जी कॉपी लागेल, ती. मंजुषानं रजेवरून आल्या आल्या ते बंद केलं आणि सगळीकडे एकच कॉपी पोचवणारा पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम बसवला. कंपनीची खासगी पॅकेजेस सगळी एका जागी, आणि एका यादीत प्रत्येकाच्या आवृत्तीचा नंबर आणि डिजिटल ठसा. ठसा तिनं तपासणीच्या लॅबनं पास केलेल्या कॉपीवरूनच घेतला होता. पॅकेजमधलं एक अक्षर जरी हललं तरी ठसा बदलतो, आणि काम तिथंच अडतं.

तिनं लॅबची कॉपी आणि आताची कॉपी शेजारी शेजारी उघडली. नंबर तोच, २.४.१. फरक एका ओळीचा. काचेच्या पेटीतल्या बाळाचा ऑक्सिजन नव्वदच्या खाली उतरला की अलार्म वाजायचा. आता तिथं ऐंशी होतं.

बदल करणाऱ्याचं नाव होतं रविराज. कंपनीचे मालक.

"सर, हे तुम्ही बदललंय?"

रविराज सर पेनच्या टोपणानं कान कोरत तिच्या टेबलापाशी आले. "हां, ते होय. अगं, सारखा वाजायचा तो. बाळानं पाय हलवला की टीं टीं. सिस्टर लोक वैतागले होते. एक डॉक्टर तर म्हणाला, मशीन उचलून न्या तुमचं."

"मग नंबर का नाही बदलला?"

"नंबर बदलला की लॅबचं सर्टिफिकेट गेलं. परत चार महिने टेस्टिंग. कोण करत बसणार?" त्यांनी टोपणाला लागलेला मळ निरखून पाहिला आणि तिच्या टेबलाच्या कडेला पुसला. "ती ठशाची भानगड स्किप होते ना? कर स्किप. नंबर तोच आहे, बाहेरून कुणाला कळतंय?"

मंजुषानं स्क्रीनवरच्या ऐंशीवर बोट ठेवलं. "सर, पेटीत दीड-दीड किलोची बाळं असतात."

"मग? चार हॉस्पिटलांत वर्षभर हेच चालू आहे. एक तक्रार नाही." ते हसले. "आणि तुझी आरोही गं? तीही आपल्याच पेटीत होती ना? बघ कशी गुटगुटीत झालीये!"

हसत हसतच त्यांनी कीबोर्डकडे हात नेला. मंजुषानं लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला.

"हात लावू नका, सर."

"मंजुषा, नोकरी करायचीये ना?"

 तिनं लॅबची कॉपी परत जागेवर ठेवली. इन्स्टॉलेशनच्या यादीत निफाडखाली जुन्या चारही हॉस्पिटलांची नावं घातली. त्या एका ओळीतला फरक पाचही ठिकाणच्या डॉक्टरांना मेल केला, आणि एंटर दाबलं. रविराज सर काहीतरी ओरडत होते. स्क्रीनवर एकेक नाव हिरवं होत गेलं.

तिसरं हॉस्पिटल आरोहीचं होतं.

आरोही आठव्या महिन्यातच झाली. नऊ दिवस काचेत होती. मंजुषा बाहेरच्या बाकावर बसून कान देऊन ऐकत राही. आत काही वाजलं नाही की तिला तेवढाच धीर यायचा. दहाव्या दिवशी वॉर्डातल्या लताबाईंनी बाळ दुपट्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं, आणि तेव्हा त्या जे बोलल्या ते मंजुषानं पुढं बारशात आल्यागेल्या प्रत्येकाला कौतुकानं सांगितलं होतं.

"लय गुणाची पोर हाय ताई तुमची. नऊ दिवसांत मशीन एकदा बी वाजलं नाय."